एकशे बेचाळीसवर उमटलेली नथ

मंजुळाताई, तुझ्या शोकसभेत मी एक शब्दही बोललो नाही.

हे ऐकून तू चष्मा कपाळावर चढवून म्हणशील, "कोण? आपला नाटक्या? शक्य न्हाय. मोजमाप परत घ्या." पण खरंच. माझं नाव पुकारलं गेलं, मी उठलो, माईक हातात घेतला, सवयीने त्यावर टिचकी मारली आणि नुसता उभा राहिलो. लोकांना वाटलं, माईक बिघडलाय. एकजण वायर तपासायला धावत आला. वायर चांगली होती. मी माईक त्याच्याच हातात दिला आणि जागेवर जाऊन बसलो. पहिल्या रांगेतल्या आपल्या मंडळींची तोंडं बघण्यासारखी झाली होती. आयुष्यभर ज्याला "आता बस कर" म्हणून खाली बसवलं, तो आपण होऊन बसला, हे त्यांच्या पचनी पडेना.

गळा दाटून आला होता म्हणशील, तर तेही नाही. मी चहा घेतला, बिस्किट बुडवून खाल्लं, ते कपात पडलं, चमच्याने काढलं. तुझ्या लेकीच्या, केतकीच्या, डोक्यावरून हात फिरवला. आत काहीतरी पेटलेलं किंवा गोठलेलं असेल म्हणून चाचपून पाहिलं, तर सगळं खोलीच्याच तापमानाचं.

बाहेर चपला शोधताना तुझ्या नागावच्या एका शेजाऱ्याने गाठलं. "काय हो, अणुकेंद्रातल्या त्या किरणांमुळेच झालं असणार ना?" तुझं उत्तर मला पाठ आहे. "माझी आय आख्खा जन्म मिठागरात राबली, किरणांचं नाव ऐकलं न्हाय, तिलाही हेच झालं. एका माणसावरून निष्कर्ष काढायचा न्हाय." मी ते सांगितलं नाही. मान हलवली. कुठल्या दिशेने, तेही आठवत नाही.

मग घरी आलो आणि तुझ्याशी बोलायला बसलो. तुझ्याविषयी बोलता येईना, तुझ्याशी बोलता येतंय. शिवाय आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय.

पहिल्या दिवशी तुझ्या हाताखाली आलो तेव्हा मी नवा कोरा होतो आणि माझी अशी समजूत होती, की अणूचं काम म्हणजे लाल दिवे, भोंगे, धावपळ. तू मला एका काचेच्या नळीसमोर बसवलंस. करंगळीएवढी बारीक नळी, आत वाळूसारखे बारीक मणी, खालून थेंब पडतोय. मग पुढचा थेंब. मी विचारलं, "आणि?" तू म्हणालीस, "आणि काय आणि? पुढचा थेंब."

मला कंटाळा आलेला तुला दिसला असणार. कारण मग तू तुझ्या मावशीच्या मुलींचा विषय काढलास. मावशीला पुष्कळ मुली, सगळ्या एका साच्यातल्या. एकीला हाक मारावी तर दुसरी ओ द्यायची. "आता या सगळ्यांना जत्रेत बांगड्यांच्या गल्लीत सोड," तू म्हणालीस. "मागून आत्या ढकलतेय, 'चला गो, चला गो.' एक पोरगी प्रत्येक दुकानाशी अडते. दुसरी एक सोडून एक. तिसरीला बांगड्यांचं वेड कमी. तू गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहा. एकेक करून वेगवेगळ्या बाहेर येतात की न्हाय ते बघ." दुकानं म्हणजे ते मणी. आत्या म्हणजे वरून सोडलेलं सौम्य आम्ल. आणि पोरी म्हणजे निओडिमियम, सेरियम, सॅमेरियम ही सगळी भावंडं, ज्यांना वेगळं काढताना भल्याभल्यांची दमछाक होते.

पुढे कित्येक वर्षं मी हा विषय लोकांना तुझ्याच शब्दांत समजावला आणि टाळ्या स्वतः घेतल्या. तुला ते माहीत होतं. "आत्याचा आवाज बरा काढतोस," एवढंच म्हणायचीस.

ती भावंडं वेगळी कशाला करायची, हेही तूच सांगितलंस. अणुभट्टीतून निघालेलं इंधन किती जळलं, याची खूण त्यात तयार झालेल्या निओडिमियममध्ये सापडते. जळणं जास्त, तर ते जास्त. पण ते मोजायचं यंत्र म्हणजे अणूंचा वजनकाटा. त्याला वजन कळतं, चेहरा कळत नाही. एकशे बेचाळीस वजनाचं सेरियम आणि एकशे बेचाळीस वजनाचं निओडिमियम त्याच्या दृष्टीने एकच. म्हणून आधी त्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, वेगळं करायचं, मग काट्यावर चढवायचं. एक भावंड संपून दुसरं सुरू होतं तिथले मधले थेंब कुठल्याच भांड्यात घ्यायचे नाहीत, बाजूला ठेवायचे. कुठून कुठपर्यंत बाजूला, हे ठरवण्यात तुझा हातखंडा होता. तुझे वडील मिठागरात मीठ धरल्यावर उरलेलं कडू पाणी वेळेवर सोडून द्यायचे. उशीर झाला की सगळं मीठ कडवट. तू लहानपणी बांधावर बसून ते बघितलं होतंस. मी थेंबांची हाव धरली की तू ओरडायचीस, "सोड रं! कडू पानी हाय ते!" शेजारच्या खोलीतले दिल्लीहून आलेले शास्त्रज्ञ दचकून बघायचे.

आता नथीकडे येतो. येणारच होतो, तुला माहीत होतं.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाचं नाटक मी लिहिलं होतं. त्यात एक खाष्ट पाटलीण होती आणि ती भूमिका तुझ्याशिवाय कुणालाही देणं म्हणजे गुन्हा होता. तू तयार झालीस त्याला कारण मी तुला सलग पंधरवडाभर छळलं. पण तुझं नाक टोचलेलं नव्हतं. मग अलिबागच्या बाजारातून मी चुंबकाची नथ आणली. नाकाच्या आत एक टिकली, बाहेर नथ, दोघींची एकमेकींवर ओढ. जेवणाच्या सुट्टीत तालीम चालू असताना तुला शिंक आली. कसली शिंक! नथ सुटली, उडाली आणि लोखंडी कपाटावर टणकन जाऊन चिकटली. मी म्हटलं, "हेच ठेवूया, प्रयोगात पण शिंक." तू ती खरवडून काढलीस, बघितलीस, म्हणालीस, "टवका उडालाय," आणि पदराला पुसून परत लावलीस. दुपारी हात धुऊन, हातमोजे चढवून तू कामाला बसलीस.

संध्याकाळी यंत्राच्या आलेखावर एकशे बेचाळीसच्या जागी एक छोटंसं टेकाड उभं राहिलं.

ते तिथे असायला नको होतं. भट्टीत जन्मलेल्या निओडिमियममध्ये त्या वजनाचा अणू जवळजवळ नसतोच. तू माझ्याकडे वळलीस. "बडबडत थेंब धरलेस. सेरियम घुसलंय."

"ताई, एकशे चाळीस बघ," मी म्हटलं. सेरियम आलं असतं तर तिथेही टेकाड असतं. तिथे सपाट.

तू बराच वेळ त्या सपाटीकडे बघत राहिलीस. सेरियम नाही, म्हणजे हे बाहेरचं निओडिमियम. खाणीतून निघालेल्या निओडिमियममध्ये एकशे बेचाळीसच सगळ्यांत जास्त असतं. पण बाहेरचं इथे येणार कुठून? आणि मग तुझा हात सावकाश तुझ्या नाकाकडे गेला.

तसल्या इवल्याशा, जबर ओढीच्या चुंबकात काय असतं, हे त्या इमारतीतल्या प्रत्येकाला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. जगात कुठल्याही पाटलिणीने ती नथ घालावी, काही बिघडत नाही. निओडिमियम मोजणाऱ्या माणसांनी निओडिमियम नाकात अडकवून प्रयोगशाळेत फिरावं, हा पराक्रम फक्त आपलाच. टवक्यातून उडालेली पूड तुझ्या पदरावर, पदरावरून बोटांवर, बोटांवरून हातमोज्याच्या बाहेरच्या बाजूवर. डोळ्यांना दिसणार नाही इतकी. काट्याला दिसली.

साहेब हसले, तसे ते क्वचितच हसायचे. "मंजुळाबाई, एकशे बेचाळीस कळलंय ना? त्या हिशेबाने बाहेरचं वजा करा आणि पाठवून द्या. सगळे हेच करतात."

"वजाबाकीने आकडा सुधारेल, साहेब," तू म्हणालीस. "माझे हात कुठे सुधारतात? मी परत करणार."

"आकडा तोच येईल."

"येऊ दे."

परत करणं म्हणजे पहिल्यापासून. शिशाच्या विटांच्या भिंतीआड बसून मूळ द्रावण परत घ्यायचं, नवा कॉलम भरायचा, परत थेंब. आकड्याची वाट बघणारे वर फोन करत होते, साहेब तुझ्या टेबलाशी येऊन न बोलता जात होते, आणि वर्षानुवर्षं कमावलेलं तुझं नाव त्या एका नथीवर टांगलेलं होतं. तू मला ताकीद दिलीस. बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही, शिट्टी नाही. मी शहाण्यासारखा बसलो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात कठीण काम, आणि त्याबद्दल मला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

आणि आकडा तोच आला. वजाबाकी करून येत होता तोच, अगदी शेवटपर्यंत. मी खुर्चीवरून उठून नाचलो. "उगाच केलंस!"

"उगाच न्हाय."

"आकडा तोच आला, ताई."

"तोच आला."

"मग?"

"मग काय मग? पहिला आला होता. हा मी आणलाय."

मला ते पटलं नाही. तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि इतकं मुरलं, की त्याला कारण लागेनासं झालं. कँटीनच्या रांगेत मी नुसतं "उगाच" म्हणायचो, तू मागे न वळता "न्हाय" म्हणायचीस. नवीन आलेल्यांना वाटायचं, या दोघांचं काहीतरी बिनसलंय. नथ कुणाची, हाही पोटभांडणाचा विषय होता. आणली मी, पण नाक तुझं. नाटक मात्र तू केलंस, दोऱ्याने बांधलेली नथ घालून, आणि ऐन प्रवेशात खोटी शिंक काढून टाळी घेतलीस. तालमीत मी सुचवलेलं तू विसरली नव्हतीस. त्या टाळीबद्दल आभार मानायचे राहूनच गेले.

निवृत्त होऊन तू नागावला आलीस. शेजारीपाजारी सगळ्यांनी नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये खोल्या बांधून पाहुणे ठेवले. तुझ्या दारात गाड्या थांबायच्या, "आंटी, पूल है क्या?" आणि तू विहीर दाखवायचीस. तू काय केलंस, तर कॉलम भरलास. काचेची नळी, आत खडूची बारीक पूड, वरून मिठाचं पाणी. मीठ जाडं, पेणकडच्या तुमच्या मिठागरातलं. त्यात सरबताचा हिरवा रंग ओतायचा आणि तो खाली येईपर्यंत वेगळा होताना बघायचा. आधी निळा, शेवटी पिवळा. नळी पिशवीत घालून तू रिक्षाने चौल, रेवदंडा, थळ, जिथे शाळेत बोलावतील तिथे जायचीस. मी एकदा बरोबर आलो होतो आणि मुलांना हसवत सुटलो होतो. परतताना रिक्षात म्हणालीस, "मुलं तुझ्याकडे बघत होती रे. नळीकडे कुणीच न्हाय."

मग ते दुखणं आलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. तू तो आपल्या आलेखासारखा डोळ्यांजवळ नेऊन वाचलास आणि विचारलंस, "कोऱ्या नमुन्यावर आधी यंत्र तपासून बघता का तुम्ही?" डॉक्टर बिचारे माझ्याकडे बघू लागले. मी हसलो. हसू माझंच होतं की सवयीचं, कुणास ठाऊक.

बाहेर येऊन मी म्हणालो, "ताई, परत करून घेऊया. मुंबईला. दुसऱ्या प्रयोगशाळेत."

तू माझ्याकडे बघितलंस. "उत्तर तेच येईल, विनय."

नाटक्या नाही, विनय. आणि वाक्य साहेबांचं.

मी ऐकलं नाही. तुझ्या तपासणीच्या नमुन्याच्या काचा डबीत घालून मांडव्याहून बोटीत बसलो. डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती, जणू लाट आली तर उत्तर हिंदकळेल. शेजारी एक कुटुंब वडापाव खात होतं, एकाने मलाही विचारलं, "घ्या काका." मी घेतला. चव आठवत नाही.

उत्तर तेच आलं.

ते घेऊन नागावला आलो तेव्हा तू पडवीत खुर्चीवर होतीस. समुद्रावर पाहुण्यांची आरडाओरड चालली होती, ती पिवळी केळ्याच्या आकाराची बोट त्यांना उलटून पाण्यात पाडत होती. मी कागद पुढे केला. तू घेतला नाहीस. माझ्या चालण्यावरूनच तू तो वाचला होतास. मग तुझ्या डोळ्यांत ती जुनी चमक आली आणि तू म्हणालीस, "काय रे? उगाच केलंस?"

ताई, इतक्या वर्षांत तू मला इतकी सोपी फेक दिली नव्हतीस. मला एक शब्द म्हणायचा होता. तू वाट बघत होतीस, हसू दाबून. आणि माझ्या तोंडातून काही निघालं नाही. केतकी चहा घेऊन आली. मी म्हणालो, "साखर कमी आहे." ती आत गेली. तू समुद्राकडे बघू लागलीस. नंतरही मी तुला भेटलो, पण औषधं, झोप, पंखा कमी कर, पंखा वाढव, यातच सगळं गेलं. तो शब्द तिथेच पडवीत राहिला.

शोकसभा झाल्यावर केतकीचा फोन आला. "काका, रेवदंड्याच्या शाळेत आईने कबूल केलेलं. मुलं वाट बघतायत. नाही म्हणून कळवू का?"

मी म्हणालो, "कळवू नकोस." फोन ठेवला आणि मग हिशेब केला. मुलांना हसवणं मला जमतं. नळीकडे बघायला लावणं तुला जमायचं. मी गेलो आणि ती पुन्हा माझ्याकडेच बघत राहिली, तर तुझं जे थोडं उरलं होतं तेही मीच पुसून टाकणार होतो.

काल गेलो. तुझी पिशवी, तुझी नळी, तुझंच मीठ. रेवदंड्याच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मासळी वाळत घातलेली. रिक्षावाल्याने विचारलं, "मंजुळामावशीची पिशवी ना ही?" मी हो म्हटलं. शाळा येईपर्यंत ती मांडीवर धरून बसलो.

वर्गात पोरं दाटीवाटीने बसली होती. मी आत्याचा आवाज काढला नाही. बांगड्यांची गल्ली सांगितली, साध्या आवाजात, आणि खडूची पूड भरली, पाणी सोडलं, रंग ओतला. मग गप्प बसलो. सुरुवातीला पोरं चुळबुळली. एकाने दुसऱ्याला ढोसलं. माझी जीभ टाळ्याला खाजत होती. पण थेंब पडत राहिले आणि हळूहळू कुजबुज थांबली. सगळ्यांच्या माना नळीकडे. माझ्याकडे एकही नाही.

निळा उतरला. "आयला!" कुणीतरी म्हणालं. मधले ना धड निळे ना धड पिवळे थेंब मी बाजूच्या कपात सोडले. मग पिवळा. टाळ्या पडल्या. बाईंनी मुलांना उभं राहून आभार मानायला सांगितलं.

तेवढ्यात मला माझा अंगठा दिसला. रंग ओतताना हिरवा झालेला, आणि त्याच अंगठ्याने मी पिवळ्याचा कप काठाशी धरला होता. कपात काही उतरलं असेल, नसेल. रंग स्वच्छ पिवळा दिसत होता. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी अंगठा रुमालाला पुसला. मग उठलो, बाहेरच्या नळावर हात धुतले, नळी रिकामी केली आणि परत पूड भरायला घेतली.

"सर, झाला की!" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. वेण्या आवळून घातलेली, कोळीवाड्यातली असावी. "बरोबर आला ना?"

"आला. परत करू."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मग काय वाटलं कोण जाणे, दार लोटून घेतलं आणि मुलांच्या मागे जाऊन बसल्या.

या वेळी कुणाला गप्प बसवावं लागलं नाही. निळा आला. मधले थेंब बाजूला गेले. पिवळा आला. मी दोन्ही वेळचे कप शेजारी शेजारी ठेवले. पोरं वाकून बघू लागली. सारखेच.

"बघा!" ती मुलगी म्हणाली. "तेच आलं! उगाच केलं ना सर परत?"

ताई, तिला काहीच माहीत नव्हतं. ती फक्त माझ्याकडे बघत होती, हसू दाबून, उत्तराची वाट बघत.

"उगाच न्हाय," मी म्हणालो.